सगुणीने हुंकार दिला नाही

फार पूर्वी, लढाया संपून गडावर नुसतं गवत उरलं होतं तेव्हा, त्या गडाच्या पायथ्याला एक गाव होतं. जत्रेच्या दिवशी सकाळी सगळं गाव गडावर जमे. दरवाजाला आतून सागाचा भलामोठा अडसर लावलेला असे. चार दांडगे गडी दात-ओठ खाऊन तो उचलत, दरवाजा उघडत आणि देवाची पालखी आत घेत. अडसर उचलायचा मान तीन घराण्यांचा. चौथ्या जागेला पाटील आपला एखादा गडी लावून देत.

मग कथेकरीबुवा पायऱ्यांवर बसून गडाची कथा सांगत. गडाला वेढा पडला, आणि धारोजी नावाच्या फितूर पहारेकऱ्याने एकट्याने दरवाजा उघडून शत्रूला आत घेतलं, अशी ती कथा. बुवांचं एक वाक्य झालं की समोर बसलेल्याने "हं" असा हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की कथा थांबली.

आणि हा हुंकार द्यायचा कुणी? धारोजीच्या वंशातल्याने! सात पिढ्या झाल्या तरी. आपल्याच पूर्वजाला फितूर म्हटलेलं ऐकायचं आणि वर "हं" म्हणायचं. काय एकेक रीत असते बाई! त्या घराशी सोयरीक करायलाही कुणी धजत नसे.

त्या वर्षी घरातला बाप आजारी पडला, म्हणून सोळा वर्षांची सगुणी हुंकार द्यायला बसली. पोरगी आधीच फटकळ.

बुवा रंगात आले. "आणि पहाटे धारोजीने एकट्याने अडसर उचलला..."

सगुणी गप्प. बुवांनी खाकरून वाक्य पुन्हा म्हटलं. तरी गप्प.

पाटील ताडकन उठले. "अगं ए, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय? हुंकार दे! नाहीतर दिवस मावळायच्या आत तुमच्या घराने गाव सोडायचं."

आजारी बापाला घेऊन सगुणी जाणार कुठे? पण ती उठून उभी राहिली.

"सोडू गाव, पाटील. आधी मानकरी आजोबांना थोडं विचारू?"

तिन्ही घराण्यांतले सगळ्यात वयस्कर मानकरी पुढेच बसले होते. ते म्हणाले, "विचार की."

"आजोबा, हा अडसर एकट्याला उचलेल?"

"छे! चौघं लागतात. आत्ताच पाहिलंस ना?"

"आणि उचलायचा मान तुमच्याकडे कधीपासून?"

आजोबांनी मिशीवर हात फिरवला. "गड बांधला तेव्हापासून! आमच्या तीन घरांचा हात लागल्याशिवाय हा अडसर कधी हललाच नाही."

"कधीच नाही?"

"म्हटलं ना, कधीच नाही!"

"मग त्या पहाटे तो कसा हलला हो, आजोबा?"

आजोबांचा हात मिशीवरून खाली आला. दरवर्षी चौघांना घाम फुटताना गाव बघत होतं, आणि घटकाभरात त्याच गावाला एकट्या धारोजीची कथा पटत होती. आता सगळे एकमेकांकडे बघू लागले.

आजोबा बोलले. "माझ्या आज्याने मला सांगितलं होतं. गडावरचं पाणी संपलं होतं. पोरं तहानेने तडफडत होती. चौघांनी मिळून अडसर उचलला. चौथी जागा धारोजीची. पुढे राजाची माणसं जाब विचारायला आली, तेव्हा तो मेलेला होता. मेलेला काय बोलणार? सगळं त्याच्या माथी मारलं. आणि मी मान घेत राहिलो. लाज वाटते, पोरी."

पाटील खाली बसले. बुवांनी डोकं खाजवलं. "मग आता मी सांगू तरी काय?"

"हीच कथा सांगा, बुवा," सगुणी म्हणाली. "फक्त चौघांची सांगा."

बुवांनी घसा साफ केला. "पहाटे चौघांनी मिळून अडसर उचलला, तहानलेल्या पोरांसाठी..."

सगुणीने तोंड उघडायच्या आधीच आजोबा तिच्या शेजारी येऊन बसले होते. "हं," ते म्हणाले.

पुढच्या जत्रेत अडसराच्या चौथ्या जागेला सगुणी होती. खांदा सोलवटला तिचा, पण तिने अडसर सोडला नाही.

तात्पर्य काय, पोरांनो: जुनी कथा जरूर ऐकावी, पण "हं" म्हणण्याआधी अडसर किती जड आहे ते बघावं.