मिटलेला वस्तरा

हत्यारं माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. गेनूतात्यांच्या दाढीच्या दुकानात एक वस्तरा होता. चाळीस वर्षांत त्याने कुणाच्या गालावर साधा ओरखडाही उठवला नव्हता.

एका सकाळी धोंडोपंत मास्तर आले. दुपारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. खुर्चीत मान मागे टाकत ते म्हणाले, "तात्या, वस्तराच घ्या हं. ते नवं सेफ्टी रेझर मला नको."

तात्यांनी गरम पाण्यात ब्रश बुडवून दाट फेस केला आणि गालांवर, गळ्यावर हलके हलके फिरवला. मास्तरांनी सुखाने डोळे मिटले आणि त्यांना डुलकी लागली. तात्यांनी वस्तरा पट्ट्यावर घासून गळ्याशी नेला, आणि वस्तऱ्याला त्यांच्या बोटांची थरथर जाणवली. तो खटकन मिटला. तात्यांनी उघडला, तो पुन्हा मिटला.

"आज रुसलास होय रे?" तात्या पुटपुटले.

"रुसलो नाही, तात्या. तुमचा हात कापतोय आणि माझं पातं उघडं आहे. आज सेफ्टी रेझर घ्या."

तात्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि सेफ्टी रेझर उचललं. दाढी गुळगुळीत झाली. तुरटी फिरवून झाल्यावर मास्तरांनी डोळे उघडले, गाल चाचपला आणि म्हणाले, "वा, तात्या! काय सुरेख झालीय!"

ते गेल्यावर सेफ्टी रेझरने भीत भीत विचारलं, "दादा, धार गेली म्हणून मिटलात का?"

"छे रे," वस्तरा म्हणाला, "धार आहे म्हणूनच मिटलो."