सारजेने मांडलेला देव

भाविकहो, उदोनाथ महाराज त्या वर्षी नदीकाठच्या करंजतळ गावी, एका जांभळीखाली उतरले होते. गावात नरहरशास्त्री म्हणून मोठे विद्वान राहत. एके दुपारी नदीवर आलेले शास्त्रीबुवा जागीच थबकले. लोक जिथून पायी नदी ओलांडत, त्या जागी काठावर सारजा भोयणीने शेंदूर फासून एक दगड मांडला होता. त्याला वर्षही झाले नव्हते, आणि आता तिथे चक्क गर्दी! कोणी फुले वाहत होते, कोणी शपथा घेत होते. मागच्याला हात दिल्याशिवाय पाण्यात पुढे जायचे नाही, असा नेमही लोकांनी आपसांत करून टाकला होता.

“हा देव कुणी बसवला गं?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“म्याच, बुवा. माझी चंद्री हितंच बुडाली. ती हितंच हाय, काठाला. येनाऱ्या-जानाऱ्याला संभाळती.”

शास्त्रीबुवा कडाडले, “म्हणजे डोळ्यांदेखत देव झाला, धर्म झाला, आणि आता परलोकसुद्धा! अगं, मेलेला जीव यमाच्या दारी जातो. तुझी पोर काय इथे चिखलात बसून राहणार?”

“ल्हान हाय ती, बुवा. येवढ्या लांब येकटी कशी जाईल?”

शास्त्रीबुवांबरोबर आलेले चार शिष्य खो खो हसले. शास्त्रीबुवांना मात्र संताप आवरेना. त्यांनी दगड पायाने लोटला. तो पाण्यात गडप झाला. सारजा नुसती रिकाम्या खळग्याकडे बघत राहिली.

महाराज जवळच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, देव माणसाने मांडला, हे खरे. पण मांडल्या जागी यायचे की नाही, ते त्याच्या मर्जीवर.”

तेवढ्यात पलीकडून एक बैलगाडी पाण्यात उतरली. शास्त्रीबुवांची लेक वेणू बाळंतपणाला माहेरी येत होती. वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला होता कोण जाणे, एकाएकी तांबडा लोंढा आला! गाडी कलंडली. गाडीवान बैलाच्या शेपटीला धरून तरला, पण वेणू दिसेनाशी झाली. “वेणूऽऽ!” शास्त्रीबुवांनी टाहो फोडला. त्यांना पोहायला येत नव्हते.

कोणी हलायच्या आत सारजेने उडी टाकली. पाण्याने तिलाही गिळले. महाराजांनी डोळे मिटले.

आणि मग खालच्या वळणावर, वेणूला ओढत, सारजा काठाला लागली!

शुद्धीवर येताच वेणूने विचारले, “बाबा, ती मुलगी कुठंय?”

“कोणती मुलगी?”

“पाण्यात माझं बोट धरून होती. हिरवा परकर, पुढचा दात पडलेला. म्हणाली, ‘हात सोडू नगं, माझी आय येतीया.’”

सारजा वेणूजवळ सरकली. “दात… ती बुडाली त्याच सकाळी पडला हुता गं! म्या कुनालाच सांगितलं न्हाई!”

शास्त्रीबुवा महाराजांकडे वळले. “महाराज, मग… मग शास्त्रांत लिहिलंय ते?”

“तेही खोटे नव्हे,” महाराज म्हणाले. “कधीकाळी कोणीतरी असेच काठावर उभे राहून आपल्या माणसाला हाका मारल्या असतील. त्या हाकांतूनच ते सुचले.”

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सारजेकडे बोट दाखवले. जन्मभर जिची सावली टाळली, तिच्या चिखलाने माखलेल्या पायांवर शास्त्रीबुवांनी डोके ठेवले. “आसं करू नगा, बुवा!” म्हणत ती बिचारी मागे सरकत होती, आणि शास्त्रीबुवा काही केल्या पाय सोडत नव्हते.