घाण्याच्या बैलाची घंटा

तेलाचे घाणे बैलाच्या पायांवर फिरत, त्या काळची गोष्ट. गेनू तेली पुढे दुकानात बसे आणि मागच्या घाण्याची चाल चांद्या बैलाच्या गळ्यातल्या घंटेवरून ओळखे. ठेका मंदावला की तो आधी बसल्या जागेवरून ओरडे, मग उठून बघायला येई.

वैशाखातल्या एका दुपारी चांद्याचं अंग तापलं आणि त्यानं पाय सावकाश टाकायला सुरुवात केली. घंटेला त्याची दया आली. बिचारा आता बोलणी खाणार, म्हणून ती आपणच हलून पहिल्यासारखी वाजत राहिली.

"बैलाला सोडायचं ना आता?" दुकानात गेनूच्या बायकोनं विचारलं.

"घंटा ऐक की. गडी अजून दमला नाही," गेनू म्हणाला.

चांद्याच्या तोंडाला फेस आला. "मालकाला काय सांगतेयस तू?" त्यानं घंटेला विचारलं.

"तुला बोलणी बसू नयेत, एवढंच बघतेय."

"बोलणी मी रोज खातो," चांद्या धापा टाकत म्हणाला, "पण त्यांच्यामागून पाण्याची बादली येते."

घंटा ओशाळली आणि त्याच्या पावलांबरोबर हळू वाजू लागली. दुकानातून गेनू ओरडला. मग त्यानं पायात चपला सरकवल्याचा आवाज आला.