बगळा वैद्य आणि गव्याचा कान

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, मुलांनो. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे अगदी डोळ्यांदेखत नाही, मी तेव्हा त्या जंगलात नव्हतो. खरे तर त्या जंगलात मी कधीच गेलेलो नाही. पण म्हणून ती काही खोटी ठरत नाही.

तर त्या जंगलात एक बगळा वैद्यकी करीत असे. जिथे आपली जीभ पोचत नाही, अशा जागचे गोचीड तो चोचीने अलगद काढी. ससा असो की सांबर, रांग एकच. पथ्यही एकच : चोच कानात असेपर्यंत रोग्याने डोके हलवायचे नाही. हलवले तर चोच आत रुतते आणि कान कायमचा जातो. हे तिथल्या पिल्लांनाही पाठ होते.

त्याच जंगलात एक गडगंज गवा राहत असे. मोठा डोह त्याचा, नदीकाठचे बांबूचे बेटही त्याचे. एकदा त्याच्या डाव्या कानात गोचीड शिरला. बगळ्याने शिंगावर बसून कानात चोच घातली आणि तशाच चोचीने तो बोलू लागला. कसा, ते विचारू नका. वैद्यांना ते जमते.

"रावसाहेब, गरीब जनावरांना आजारपणात पडायला सावली नाही हो. तुमचं बांबूचं बेट दवाखान्याला मिळालं तर?"

ते बेट म्हणजे गव्याचा उन्हाळ्याचा चारा होता. पण तोंड उघडले की जबडा हलतो, आणि जबडा हलला की कान हलतो. गवा गप्प राहिला.

"जबरदस्ती नाही हं. नको असेल तर नुसतं डोकं हलवा."

गव्याने डोके हलवले नाही.

"वाटलंच होतं मला. दिलदार जनावर," बगळा म्हणाला आणि त्याने गोचीड काढला. ज्याने आत्ताच आपला कान वाचवला, त्याला लगेच नाही कसे म्हणायचे, म्हणून गवा नंतरही काही बोलला नाही.

बेटात दवाखाना सुरू झाला. पाय मोडलेली, ताप आलेली जनावरे तिथे खरोखर बरी होऊ लागली. ते नाकारून चालणार नाही. उन्हाळा आला तसा एक ससा बगळ्याला म्हणाला, "वैद्यबुवा, रावसाहेबांना उजवीकडून हाक मारली की ते डावीकडे बघतात. हाडंही वर आलीत त्यांची."

बगळा उडत गेला. गव्याच्या उजव्या कानातही गोचीड शिरला होता, आणि कान सुजून त्यावर माशा बसल्या होत्या.

"अहो, इतकं होईपर्यंत आला का नाहीत?"

"डाव्या कानाला बेट गेलं, वैद्यबुवा. आता डोह तेवढा उरलाय, आणि उन्हाचा तो लागतोच मला. म्हटलं, ऐकायला एक कान पुरतो."

बगळ्याने तो गोचीड काढला. काढताना एक शब्द बोलला नाही. त्या कानाने गव्याला पुढे कमीच ऐकू येत राहिले. मग बगळा उडून नदीपलीकडच्या खडकावर जाऊन बसला आणि तिथून त्याने विचारले, "रावसाहेब, आता चोच बाहेर आहे. बेट मनापासून दिलं होतं का?"

गव्याने डोके हलवले. एवढे दिवस राहून गेलेले सगळे हलवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बगळ्याने दवाखाना करवंदीच्या जाळीत हलवला. "इथे काटे टोचतात," ससा कुरकुरला. "टोचू देत," बगळा म्हणाला.

तात्पर्य : रोग्याचा कान आपल्या चोचीत असताना त्याच्याकडे चांगल्या कामासाठीसुद्धा काही मागू नये, त्या वेळच्या गप्प बसण्याला होकार म्हणत नाहीत.

आता कबूल करतो, यात एवढेच मी पदरचे घातले : बगळा नदीपलीकडे जाऊन बसला आणि पुढे जे झाले, ते. दवाखाना अजून त्या बांबूच्या बेटातच आहे, आणि चांगला चालतो.