घण कोणी मारायचा?

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. त्या गावात एक लोहार होता. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. वीस वर्षं असंच चाललं.

एका तापात बायको गेली.

लोहारानं भट्टी विझवली. गाव समाचाराला आलं. "देवाची मर्जी," एक म्हणाला. "काळ हेच औषध," दुसरा म्हणाला. मेलेलं माणूस दुसऱ्याचं असलं की शहाणपण भराभर सुचतं! लोहारानं सगळ्यांना एकच सांगितलं, "माझं काय गेलंय ते कुणाला कळायचं नाही." आणि दार लावून घेतलं.

दोन-चार धडधाकट गडी घण मारायला तयार होते. त्यानं त्यांनाही हाकललं. एकट्यानं करून पाहिलं. सांडशी ठेवून घण उचलेपर्यंत लोखंड काळं पडायचं. मग तेही सोडलं. जेवणही सुटलं. हा काही पुढची दिवाळी बघत नाही, असं गाव उघड बोलू लागलं.

ते त्याच्या सासूच्या कानावर गेलं. ती त्याच गावात, खालच्या आळीला राहायची. लेक गेल्यापासून महिनाभरात जावयानं तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. ती उठली, नांगराचा बोथट फाळ खांद्यावर घेतला नि त्याचं दार ठोठावलं.

"जावईबापू, फाळाला टोक काढून द्या."

"मामी, घण कोण मारणार?"

"मी. ऐरण पुजायला नाही आले इथं."

सासूपुढं त्याला नाही म्हणवेना. त्यानं भाता चालवला, फाळ लाल केला, ऐरणीवर धरला. म्हातारीचा पहिला घाव नुसत्या ऐरणीवर बसला. दुसरा सांडशीवर.

"अहो, टोकावर! टोकावर!" लोहार ओरडला. "तुमच्या लेकीचा घाव तीळभर हलत नव्हता!"

"पहिल्या दिवशीसुद्धा?"

लोहारानं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी तिनं माझा अंगठा फोडला."

"ठाऊक आहे. माझ्याकडं येऊन रडली होती. म्हणाली, आता नवरा नांदवत नाही मला."

"मला तर म्हणाली, अंगठा मध्ये घातलातच का?"

म्हातारी खो-खो हसली. हसता हसताच खाली बसली नि पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठं लोहाराच्या ध्यानात आलं, की हिची लेक गेलीय. तोही शेजारी बसला. दोघं पोटभर रडली. फाळ गार होऊन गेला.

"पुन्हा तापवा," डोळे पुसून म्हातारी म्हणाली.

फाळ वाकडाच झाला. पण त्या दुपारी तिच्या घरी जाऊन लोहार दोन भाकरी जेवला. पुढं रोज जाऊ लागला. हळूहळू त्यानं गड्यांच्या हातीही घण दिला, आणि पेरणीच्या आत गावातले सगळे नांगर शेतात उतरले.

बोध एवढाच: आपलं माणूस गेलं की दार लावून बसू नये, ते आणखी कुणाचं होतं ते पाहावं, आणि त्याच्यापाशी जाऊन बसावं.