न पोचलेली हाक

“मग चूक कुठं झाली, बाबा?”

कमालशा फकीर टेकडीवरच्या दर्ग्याची पायरी झाडत राहिला. फकीर होण्याआधी तो जहाजावर वायरलेस सांभाळायचा. भालचंद्र त्याच्याच हाताखाली रेडिओ उघडायला शिकला होता. पुढं पोरगा इंजिनिअर झाला आणि शहाणपण जरा जास्तच आलं.

“बंदरातले खरखरणारे जुने सेट मीच काढायला लावले,” भालचंद्र म्हणाला. “माझं यंत्र आवाजाचे आकडे करून पाठवतं. पलीकडं आकडे जुळले, तर घंटेसारखा स्वच्छ आवाज. नाही जुळले, तर...”

“तर?”

“तर गप्प. अर्धवट ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं मीच सगळ्यांना सांगायचो.”

“आणि त्या दिवशी?”

“वादळ होतं. मी किनाऱ्यावर यंत्रापाशीच बसलो होतो. ते गप्प होतं... मला वाटलं, बापाची होडी ठीक आहे.”

“वाचलेला खलाशी सांगतो, माझा बाप यंत्रावर पाऊण तास बोलत होता. काय बोलला, ते वाऱ्यात त्यालाही कळलं नाही. मग होडी उलटली.”

फकिरानं झाडू ठेवला.

“इथंच थांब.”

तो टेकडी उतरून पार खालच्या खडकांवर गेला. वारा कानठळ्या बसवत होता. तिथून त्यानं हाक दिली, कोळी होडीवरून देतात तशी. शब्द सोडून नुसता स्वर लांबवायचा. वारा चढला की धरून ठेवायचा, वारा पडला की सोडायचा.

धापा टाकत तो वर आला.

“काय म्हणालो?”

“शब्द नाही कळले.”

“मग?”

“...बोलावत होतात. माझा बापही अशीच हाक द्यायचा.”

आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी आकडे तपासत बसलेला भालचंद्र पायरीवर बसून रडला. फकिरानं त्याला रडू दिलं. त्यालाही भालचंद्राच्या बापाची, धर्माजी तांडेलाची आठवण येत होती.

बऱ्याच वेळानं भालचंद्र म्हणाला, “मला त्याची एकदा माफी मागायची होती.”

फकिरानं समुद्राकडं हात केला.

“माग.”

“इथून? एवढ्या वाऱ्यात?... ते पोचणार आहे का, बाबा?”

“पाऊण तासात तुझ्या बापानं हे एकदाही विचारलं नाही.”