वेशीची दिंडी

फार मागे, एका डोंगरी गावाच्या वेशीवर एक राखणदारीण होती. आधी हे काम तिचा नवरा करायचा. एकदा गोसाव्याच्या वेषात दरोडेखोर आला. नवऱ्याला दया आली, त्याने मोठा दरवाजा सताड उघडला आणि मागोमाग टोळी घुसली. नवरा जिवाला मुकला. तेव्हापासून किल्ली हिच्या कमरेला.

एके सकाळी नदीपलीकडून माणसांचा लोंढा आला. त्याच टोळीने त्यांचं गाव जाळलं होतं. अंगावर राख, कडेवर पोरं.

निम्मं गाव म्हणालं, उघड. निम्मं म्हणालं, अडसराला हात लावू नकोस. पाटील म्हणाला, "बाई, मागल्या खेपेला काय झालं, ते तुला सांगायला नको."

"नकोच. म्हणून मोठा दरवाजा उघडत नाही. पण यांना बाहेर टोळीच्या तोंडीही देणार नाही."

तिने दिंडी उघडली. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, बरं का. पाटील असो की पोर, तिथून एकेकानेच, वाकून यायचं. आतल्या चौकात तिने पिठल्याची कढई चढवली. आलेल्याने काठी-कोयता कोपऱ्यात ठेवायचा, कोण कुणाचे ते सांगायचं नि पंगतीला बसायचं.

एका गड्याचे हात कोपरापर्यंत भाजलेले, गालावर वण. त्याला बघून गाव कुजबुजू लागलं. दुसरा मात्र गोडबोल्या, मांडीवर लहानगं पोर. पाटील विरघळला, म्हणाला, याला सोड गावात.

"जेवून जाऊ दे की," ती म्हणाली.

पानं वाढली. ज्याच्या त्याच्या हातातला पहिला घास आपापल्या पोराच्या तोंडी गेला. गोडबोल्याने मात्र स्वतःच्याच तोंडात कोंबला. पोर नुसतं बघत राहिलं.

"बाळाचं नाव काय रे?"

तो अडखळला. तेवढ्यात दिंडीतून एक म्हातारी वाकून आत आली आणि पोराने तिच्याकडे दोन्ही हात पसरले.

"माझा नातू," म्हातारी रडत म्हणाली. "गर्दीत हिसकून नेला यानं."

गोडबोल्या कोयत्याकडे धावला. भाजल्या हातांच्या गड्याने त्याला तिथंच लोळवलं. गोडबोल्याच्या कमरेला शिंग निघालं, टोळीला इशारा द्यायचं.

"बघितलंस? आता तरी दिंडी लाव," पाटील म्हणाला.

"चोर सापडला, पाटील. बाहेरच्यांचं पिठलं निवतंय, त्यांना येऊ द्या."

सगळे आत आले. पुढल्या सुगीला त्यांच्या कष्टाने गावाची पडीक जमीन पिकली. आणि दिंडीवर राखणदारणीच्या जोडीला तो भाजल्या हातांचा गडी बसू लागला.

तात्पर्य: दार उघडावं, पण डोळे मिटून नव्हे, आणि एका चोराच्या भीतीने गावभर भुकेल्यांच्या तोंडावर ते लावूही नये.